सत्कार झाला, शेवंती तापली

आता माह्याच तोंडानं माही फजिती सांगा म्हणता, तर ऐका. पण मधात हसले तर चहा टाकून उठून जाईन.

आमच्या वलगावात माळ्यांच्या बायांचा बचत गट आहे. फुलं-भाजी ताजी राहावी म्हणून त्यांनी एक थंड खोली बांधली. तिचं मशीन फुकटात बसवून दिलं एका परदेशी फ्रिज कंपनीच्या इंजिनीअरनं. ॲना मॅडम. त्यांची कंपनी म्हणे लोकाइले महिनाभर पगारी मोकळं सोडते, जा, दुसऱ्याच्या देशात आपली विद्या वाटा. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाषा मी. अन माइक दिसला की माह्या अंगात येते, हे तुमाले माहीतच आहे.

मॅडमच्या शेवटच्या दिवशी सत्कार ठरला. सत्काराशिवाय पाहुणा गावाबाहेर जाऊ शकते का? त्याच दिवशी गटाची सारी शेवंती थंड खोलीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्यातल्या एका लग्नाचा मांडव तिनं सजणार होता. अध्यक्ष सुशीलाकाकूनं तसा शब्द दिला होता, अन गटाचं हे पहिलंच मोठं काम.

थंड खोलीले लागूनच गटाचा हॉल. विजेचा बोर्ड स्टेजच्या मागं. माइकवाला पंकज म्हणे, "सर, बोर्डावर जागा नाही."

"जागा काहून नाही? हा प्लग काढ अन आपला लाव. वरून बॅनर टाक, फोटोत बोर्ड बरा नाही दिसत."

मंग काय, मी सुटलो. वऱ्हाडची माती, संत्री, पाहुणचार, काही म्हणता काही सोडलं नाही. मॅडमले एक शब्द कळत नव्हता, तरी बिचाऱ्या टाळ्या वाजवून राहिल्या होत्या. सगळ्यांचे हारतुरे होईपर्यंत दुपार कलली. तेवढ्यात काकू थंड खोलीतून पळत आल्या.

"सर, अंदर तर भट्टी झाली न बापा."

मॅडम फेट्यासकट धावल्या. मशीन गप. त्यांनी मले विचारलं, बोर्डावर वीज येऊन राहिली का? मी वर पाह्यलं. हॉलची ट्यूबलाइट चालू, पंखे चालू, माइक तर खणखणीत. मी छाती ठोकून म्हटलं, "येस मॅडम, फुल लाइट."

इथंच मेलो मी.

बाईनं माह्या शब्दावर सारं मशीन खोललं. स्क्रू, पाइप, पंखा, ओसरीवर दुकान मांडल्यासारखं. मंग मोबाइलवर त्यांच्या देशातले साहेब बोलावले. तेही डोकं खाजवून राहिले. अन मी? मी माइकवर जाहीर केलं, "घाबरू नका, तांत्रिक बिघाड आहे."

काकू टोपल्या सावलीत काढून त्यावर ओले फडके टाकत होत्या. मले म्हणे, "सर, उद्या लग्नघरी मी कोणतं तोंड दाखवू?" 

सांज झाली. मॅडमनं मशीन जोडलं, पण ढिम्म. त्या पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. पंकजनं माइकचा प्लग काढला, बॅनर ओढला, अन मले बोर्डाखाली एक जाड काळा प्लग लोंबताना दिसला. त्याची वायर भिंतीतून सरळ थंड खोलीत.

  मी गुपचूप तो प्लग लावला, बटण दाबलं. पलीकडं मशीन घुरघुरलं.

एकच कल्ला झाला. मॅडमनं येऊन माहे दोन्ही हात धरले, नेमका बिघाड काय होता म्हणून विचारू लागल्या. काकूनं एक उरलेली शाल माह्या खांद्यावर टाकली.

"परदेशातले साहेब हरले, आपला सर जिंकला. बोला सर, माइकवर बोला."

तिथंच खरं सांगायले पाहिजे होतं. पण माइक म्हटल्यावर मी उभा राहिलो, अन घसा खाकरला.

मागून पंकज भोळेपणानं म्हणे, "सर, माइकसाठी मशीनचा प्लग परत काढू का? मघाशी तुमी सांगतलं होतं तसा?"

 काकूनं माह्याकडं पाह्यलं, बोर्डाकडं पाह्यलं, अन माह्या खांद्यावरची शाल काढून घेतली.

शेवंती चिवट निघाली, मांडव सजला. काकूचा शब्द राहिला. पण तवापासून वलगावात मी कुठंही बोलायले उभा राहिलो, की आधी गटाची एक बाई उठते अन बोर्डापाशी जाऊन उभी राहते.