कामाला निघाले

धाकटीचा निरोप रोज येत होता, तरी आईचा जीव काही भांड्यात पडत नव्हता. सकाळी बरोबर आठ चाळीसला. ‘नाश्ता केला. कामाला निघाले.’ अक्षराचा फरक नाही, मिनिटाचा नाही.

धाकटी परगावी एकटी राहायची. रुग्णांच्या घरच्यांना इस्पितळातून जाणारे निरोप कॉम्प्युटर लिहायचा. ते वाचून पुढे सोडायचं, हे तिचं काम. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी चेष्टा केली होती, “म्हणजे यंत्र लिहिणार आणि तू नंदीबैलासारखी मान डोलावणार!”

“हसू नका बाबा. त्याला काय घडलं ते कळतच नाही. तो नोंदीतली वेळ आणि घड्याळ बघतो. वेळ यायची असेल तर ‘निघतील’, टळून गेली की ‘निघाले’ लिहून मोकळा. खरंच निघाले का, ते मी बघायचं.”

महिन्यापूर्वी तेच बघायचं राहिलं. एका म्हाताऱ्याला अकरा वाजता घरी सोडायचं, असं डॉक्टरांनी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. म्हातारा पहाटेच वारला. ती नोंद चढायला संध्याकाळ झाली. तोवर अकरा वाजून गेले होते, आणि घरी निरोप पोचला होता : ‘तुमचे वडील घरी यायला निघाले.’ मुलाने पलंग खिडकीपाशी ओढला, सुनेने दार उघडं ठेवलं.

“न वाचता सोडलं असतं तर एक वेळ चाललं असतं गं,” धाकटी फोनवर म्हणाली होती. “मी वाचलं होतं, आई.”

त्यानंतर तिने फोन उचलणंच सोडलं. नुसते निरोप.

आज दहा वाजता तिच्या साहेबांचा फोन आला. “ताई, मुलगी बरी आहे ना? चार दिवस कामावर नाही.”

वडील गोंधळले. “अगं, पण आज सकाळीच निघाली ना ती?”

“आठ चाळीस वाजले होते,” आई म्हणाली. “निरोप ती नाही, तिने लावून ठेवलेलं यंत्र धाडतंय. त्याला तेवढंच कळतं.”

तिने धाकटीला फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग कपाट उघडून भाडेकराराचा कागद काढला. घरमालकीणबाई तळमजल्यावर राहतात, दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. नंबर खाली पेनने लिहिलेला होता. फोन करायचा, ख्यालीखुशाली विचारत बसायचं नाही. आधी वर जा म्हणायचं, दार उघडा म्हणायचं, आणि फोन कानालाच ठेवा.