सुतळीचा डावा हात

आमच्या जनावरांच्या इस्पितळात कुणी पहिल्यांदा आलं की दारांवरच्या पाट्या वाचून हसतं. हृदयविकार, नेत्रविकार, त्वचा, शस्त्रक्रिया, भूल, क्ष-किरण. "अहो, कुत्र्याला एवढं सगळं?" असं मलाच विचारतात, कारण प्रवेशद्वाराशी माझं काउंटर आहे. बावीस वर्षं मी एकच उत्तर देत आले आहे. "कुत्र्याला हृदय आहे, डोळे आहेत, हाडं आहेत. तुमच्याकडे आणखी काय जास्तीचं आहे?" त्यावर बहुतेक लोक हसणं आवरून नाव लिहून देतात.

आणि हे तज्ज्ञ डॉक्टर काही झाडाला लागत नाहीत. जनावरांचा साधा डॉक्टर व्हायलाच पाच वर्षं जातात. मग वर्षभर सगळ्या विभागांत राबायचं, या महिन्यात डोळे तर पुढच्या महिन्यात दात. त्यानंतर ज्याला एकाच विषयात मुरायचं असेल त्याने अर्ज करायचा. शस्त्रक्रियेच्या एका जागेला आमच्याकडे तीसेक अर्ज येतात. ती मिळालीच, तर तीन वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, ठरलेल्या संख्येइतकी ऑपरेशनं स्वतःच्या हातांनी, प्रत्येकावर मोठ्या डॉक्टरांची सही आणि शेवटी परीक्षा. ती दोनदाच देता येते. लोकांना वाटतं, मांजराला इंजेक्शन द्यायला किती शिकावं लागणार!

सुतळी पहिल्यांदा अर्ज घेऊन आली तेव्हा तिला नकार मिळाला. वर्षभर ती एका लहानशा दवाखान्यात कुत्र्यांना लसी टोचत राहिली आणि पुढच्या वर्षी तोच अर्ज घेऊन माझ्यासमोर उभी. मी म्हटलं, "पुन्हा आलीस?" तर म्हणाली, "तारीख तेवढी बदललीय, काकू. बाकी सगळं तेच आहे." मला ती तिथेच आवडली. त्या वेळी तिला जागा मिळाली.

सुतळी हे नाव आमच्याच माणसांनी पाडलं. अंगाने किडकिडीत आणि खिशात कायम दोऱ्याचं रीळ. शस्त्रक्रिया शिकणाऱ्यांना गाठींचा सराव करावाच लागतो, ते मला ठाऊक आहे, पण हिने ताळतंत्र सोडलं होतं. माझ्या खणाच्या मुठीला गाठी, खुर्चीच्या हाताला गाठी. एकदा मी तोंड धुऊन आले आणि चष्मा उचलला तर पाठोपाठ टेलिफोन आला. चष्म्याची काडी तिने टेलिफोनच्या वायरीला बांधून ठेवली होती. मी तिला असं काही फैलावर घेतलं की समोरचा पोपट घेऊन आलेला माणूस दोन खुर्च्या मागे सरकला. ती मात्र शांतपणे म्हणाली, "काकू, गाठ बघा ना, सुटत नाहीये." खरंच सुटत नव्हती. कात्री लागली.

तिचे वडील शहर बसचे ड्रायव्हर. पोरगी फोन उचलत नाही म्हणून ते काउंटरवर फोन करायचे. "तिच्या वर्गातली पोरं घरदार करून मोकळी झाली हो. आमची अजून शिकतेच आहे. जनावरं बोलत नाहीत म्हणून एवढा वेळ लागतो का?" मी सांगायचे, "नाही हो, त्यांचे मालक फार बोलतात, त्यात वेळ जातो." ते खो खो हसायचे आणि शेवटी हळूच विचारायचे, "जेवली का ती?"

मोठ्या डॉक्टरांचं काय सांगू? उंच, कोरडा माणूस. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. फारच खूश झाले तर 'चालेल' म्हणायचे. सुतळीला पहिल्या वर्षात दोन 'चालेल' मिळाले, दुसऱ्या वर्षात अकरा. हिशोब तिनेच ठेवला होता. तिसऱ्या वर्षी तिची चौदा ऑपरेशनं उरली होती आणि परीक्षा सात महिन्यांवर होती. घोडामैदान जवळ आलं होतं.

तेव्हाच ते नारिंगी मांजर आलं. किडलेल्या दाढा काढून झाल्या होत्या, भूल उतरत होती, आणि अर्धवट शुद्धीत त्याने सुतळीच्या उजव्या हाताला, तर्जनीच्या मुळाशी, कडकडून चावा घेतला. दोन बारीक भोकं. रक्ताचे चार थेंबही नाहीत. तिने नळाखाली हात धुतला, औषध ओतलं, नवा हातमोजा चढवला आणि पुढचं ऑपरेशन केलं. मग त्याच्या पुढचं.

माझा संताप इथेच होतो. त्याच आठवड्यात माझ्या काउंटरसमोर तिने मांजर चावलेल्या एका गृहस्थांची हजेरी घेतली होती. "मांजराचा दात म्हणजे सुई. घाण आत खोल जाते आणि वरून कातडी बंद होते. आत्ताच्या आत्ता माणसांच्या डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आत्ता." एवढं ठणकावून सांगणारी स्वतः दोन दिवस हात कोटाच्या खिशात घालून हिंडत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि ही तिचीच खोड नाही, आमच्याकडे सगळेच असे. कुत्र्याला शिंक आली तरी धावतील, स्वतःला ताप भरला तर म्हणतील, जनावरं थांबली आहेत.

तिसऱ्या दिवशी तिने एका कागदावर डाव्या हाताने सही केली. मी म्हटलं, "हात काढ बाहेर." ती म्हणाली, "काही नाही हो." मी काउंटरच्या बाहेर आले आणि तिचा हात खिशातून ओढला. बोट वांग्यासारखं सुजून काळंनिळं झालं होतं. मी तिला तशीच रिक्षात घातली. माणसांच्या इस्पितळात तिचं बोट दोनदा उघडावं लागलं. बोट वाचलं, पण सांधा गेला. ती तर्जनी आता जेमतेम चतुर्थांश वाकते.

दीड महिन्याने ती परत आली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं आणि माझे कान काही मी घरी ठेवून येत नाही. ते म्हणाले, "क्ष-किरण विभागात जागा आहे. तुझी नजर चांगली आहे. तीन वर्षांत तिथली तज्ज्ञ होशील. यात कमीपणा काही नाही."

"कमीपणा नाही, सर," ती म्हणाली, "पण मला कापायचं आणि शिवायचं आहे. आत काय आहे ते नुसतं बघून माझं भागणार नाही."

"बोट वाकत नाही तुझं."

"नऊ वाकतात."

 मग मोठ्या डॉक्टरांनी अट घातली. दोन महिन्यांनी पोटाचं एक मोठं ऑपरेशन तिने एकटीने करायचं. भूल देणारी डॉक्टर असेल, हत्यारं देणारी नर्स असेल, पण हात लावायला सहायक नसेल. ते स्वतः हात धुऊन, मोजे घालून शेजारी उभे राहतील, कारण जनावराच्या जिवाशी खेळ नको. पण त्यांचा हात एकदा जरी आत गेला, तर दुसऱ्या दिवशी सुतळी क्ष-किरण विभागात. ती म्हणाली, "ठरलं."

ते दोन महिने मी जवळून पाहिले आहेत. तिने चिमट्याची पकड बदलली, तर्जनीचं काम मधल्या बोटाला शिकवलं. गाठी मारायचं काम डाव्या हाताकडे दिलं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याच्या तळाला तिने तारेचा आकडा चिकटवला होता. डबा माझ्या काउंटरवर ठेवायची आणि आत हात घालून त्या आकड्याला एका हाताने गाठी मारायची, पण डबा तसूभरही हलता कामा नये. पोटात खोल असलेली रक्तवाहिनी ओढली तर फाटते, म्हणून. पहिल्या आठवड्यात डबा दर गाठीला नाचायचा. एकदा तो माझ्या चहात पडला. मी ओरडले नाही, यावरून काय ते समजा.

एका दुपारी ती खाद्याच्या पोत्यांच्या खोलीत रडताना सापडली. मी शेजारच्या पोत्यावर बसले. मला समजूत घालता येत नाही, ते माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, "क्ष-किरणवाल्यांची खोली थंडगार असते. खुर्ची पण मऊ आहे." ती रडता रडता भडकली. "तुम्हीपण?" मी म्हटलं, "मी फक्त खुर्चीचं सांगितलं. जायचं नसेल तर डबा घे आणि बाहेर ये, लोक थांबलेत." तिने बाहीने नाक पुसलं आणि आली. तिसऱ्या आठवड्यापासून डबा हलेनासा झाला.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. कुत्रा अकरा वर्षांचा, काळा, मोठ्या अंगाचा. मालकीण टपाल वाटणाऱ्या बाई. पोस्टमनवर न भुंकणारा जगातला एकमेव कुत्रा, असं त्या सांगायच्या. त्याच्या पानथरीवर, म्हणजे प्लीहेवर, नारळाएवढी गाठ वाढली होती आणि आतून रक्त झिरपत होतं. पानथरी काढून टाकायची होती. ऑपरेशन कोण करणार आणि मोठे डॉक्टर शेजारी कशासाठी उभे राहणार, हे सुतळीने त्यांना स्वतः सांगितलं होतं. बाईंनी तिचा हात हातात घेऊन निरखला आणि म्हणाल्या, "मला घरी न्यायला कुत्रा पाहिजे. बोटं तुम्ही कुठली वापरायची ती वापरा."

शस्त्रक्रियेच्या खोलीला बोळाच्या बाजूने काचेची खिडकी आहे. मी काउंटर दुसऱ्या कुणाकडे सोपवलं आणि तिथे जाऊन उभी राहिले. मला कुणी हटकलं नाही, कारण हटकू नका असं माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मोठे डॉक्टर मोजे घातलेले हात छातीशी जुळवून उभे होते. सुतळी एकेक वाहिनी बांधत गेली. डावा हात आत जायचा, दोरा फिरायचा, नर्स कात्री लावायची. मी मनात मोजत होते. पंधरा झाल्या, सोळा झाल्या. सतरावी बांधली, पानथरी उचलून बाहेर ठेवली, आणि ती सतरावी निसटली. पोट रक्ताने भरायला लागलं.

तिने डावा हात आत घातला. वाहिनीचं सुटलेलं तोंड सापडेना. एक क्षण, फार तर दोन. मग खोलीबाहेर मला ऐकू येईल इतक्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "सर, हात द्या. इथे दाबा."

त्यांचा हात आत गेला. रक्त थांबलं. तिने वाहिनी धरली, पुन्हा बांधली, वर आणखी एक गाठ मारली, सगळं धुतलं, तपासलं आणि पोट शिवलं. कुत्र्याने तासाभरात डोळे उघडले. मी मात्र खिडकीशी उभी राहून रडत होते, कारण अट मला पाठ होती.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "बाई, तिच्या बदलीचं पत्र टाइप करा." मी यंत्रासमोर बसले आणि सुतळी आली. म्हणाली, "काकू, सरांच्या गेल्या वर्षभरातल्या ऑपरेशनांचे कागद काढा. सगळे." पाण्यात राहून माशाशी वैर, असं माझ्या मनात आलं. पण मी गठ्ठा काढला, तो तिच्या आधी मीच उचलला आणि त्यांच्या टेबलावर आदळला.

"हे काय?" ते म्हणाले.

"सर, यातला एक कागद दाखवा, ज्यावर सहायकाचा रकाना मोकळा आहे," सुतळी म्हणाली.

 ते गठ्ठा ओढून खरंच चाळायला लागले. भिंतीवरच्या पंख्याने कागद उडत होते, मी ते दाबून धरले. तळाशी पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

"मोकळा एकच आहे," ती म्हणाली आणि त्या दिवशीचा कागद तिने वर ठेवला. "माझा. तुमचं एकही ऑपरेशन दोनच हातांनी झालेलं नाही, सर. मला मात्र तुम्ही दोनच दिलेत, त्यातला एक अधू."

"अट तुला मान्य होती."

"होती. आणि मी हरले, कारण तुमचा हात मी मागितला. मागितला नसता तर चाचपडत बसले असते. अट पाळली गेली असती आणि कुत्रा मेला असता. माझे हात चालत नाहीत असं तुम्हाला आज दिसलं असेल, तर आत्ता जाते. पण मदत मागितली म्हणून जाणार नाही."

"सतरावी गाठ सुटली."

"सुटली. सोळा टिकल्या. तुमच्या आजवर किती सुटल्या?"

मी डोळे मिटून घेतले. मोठ्या डॉक्टरांना असं विचारणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं, असं मी त्या क्षणापर्यंत समजत होते. डोळे उघडले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

"मोजल्या नाहीत," ते म्हणाले. तसेच माझ्याकडे वळले. "बाई, ते पत्र राहू द्या." मग तिला म्हणाले, "उद्या सकाळी आठला मांडीचं हाड मोडलेली कुत्री आहे. ते ऑपरेशन तू करशील. सहायक कोण हवा ते आत्ताच सांग."

सुतळीने विचार करायला वेळही घेतला नाही. "तुम्ही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद माझ्याकडे टाइप करायला आला. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव होतं. त्याखाली, सहायकाच्या रकान्यात, मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. बावीस वर्षांत ते नाव मी त्या रकान्यात कधी टाइप केलं नव्हतं, म्हणून चूक नको, दोनदा वाचून घेतलं.