पोरींच्या कादंबऱ्या आणि माझा नंबर

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मला मनातल्या मनात वाचता येत नाही. ओठ हलतात, आवाज निघतो आणि श्रावणात पोथी वाचतात तसा सूर लागतो. पोथीचा नियमही मी पाळते. धरलेला अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही आणि मधलं काही गाळायचं नाही.

नात अकरावीला आहे. बीडच्या वाचनालयात तिच्या वयाच्या पोरापोरींच्या कादंबऱ्यांचं नवं कपाट आलं, तेव्हापासून ती पुस्तकं आमच्या घरात यायला लागली. आधी ती वाचायची, मग मी, आणि मग आम्ही दोघी त्यावर वाद घालायचो. सुनेला वाटायचं, खरंच भांडण लागलं.

या पुस्तकांत सगळ्या तऱ्हेची पोरं असतात. एकात चालता न येणारा पोरगा आहे. तो खडूस आहे, बहिणीला छळतो, खोटं बोलतो. मला तो आवडला, कारण बाकीचे लेखक अशा पोराचा देव करून ठेवतात. एक पुस्तक नात उशीखाली ठेवायची. त्यात एका पोरीचं दुसऱ्या पोरीवर मन बसतं. मी ते काढून वाचलं. मी ऊस तोडायला जायचे. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. आमच्या टोळीत दोन बायकांचा मिळून एक कोयता होता. मोळ्या बरोबर पडत होत्या, म्हणून मुकादमानं कधी काही विचारलं नाही. पुस्तकातल्या पोरी मात्र अर्धं पुस्तक रडतात. तेवढं रडणं मला जास्त वाटलं.

मग ऊसतोडीच्या पोरीचं पुस्तक आलं. त्यातली आई कायम दमलेली आणि गप्प. आमच्या टोळीत गप्प बाई मी एकही पाहिली नाही. पहाटे थंडीत ऊस हातात घ्यायचा तर तोंड चालू ठेवावंच लागतं. पण माझा खरा राग त्या पोरीवर होता. तिला शोधत एक गुरुजी थेट उसाच्या फडात येतात, तिच्या बापाला समजावतात आणि तिला वसतिगृहात घेऊन जातात. चौथीनंतर मला धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, बसवलं, तेव्हा फडात मुकादमाशिवाय कुणी आलं नाही. ती पोरगी हुशार होती म्हणे. पुस्तकात आमच्यातली पोरगी हुशारच असावी लागते. मी साधारण होते. साधारण पोरीला न्यायला कोण येतं, ते कुणी लिहीत नाही.

हे सगळं मी नातीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "हो, तीपण हेच म्हणत होती."

"ती कोण?"

"शेजारची. मी तिला आधी दिलं होतं ना वाचायला."

शेजारी मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचं घर आहे. त्याची पोरगी नातीच्याच वर्गात. म्हणजे ऊसतोडीचं पुस्तक, जे माझ्या हाडांवरून लिहिलंय, ते माझ्याआधी तिनं वाचलं, आणि त्यावरचं बोलणंही त्या दोघींचं आधीच गच्चीवर होऊन गेलं. मला शिळं मिळालं.

"मला आधी कावून न्हाई दिलं?"

"आजी, तू लई हळू वाचतीस. पुस्तक परत करायचं असतं."

 मी दोन दिवस तिला हाक मारली नाही.

पुढचं पुस्तक मुसलमान पोरीचं होतं. तेही आधी शेजारीच गेलं. या वेळी मात्र मी दुपारी उठून सरळ त्यांच्या घरी गेले. ओट्यावर शेजारची पोरगी तिच्या दादीला पुस्तक वाचून दाखवत होती. दादीला अक्षर येत नाही. पोरगी मराठी वाचून लगेच तिच्या बोलीत सांगायची. आणि माझी नात दादीच्या पायाशी बसून शेंगा फोडत होती. घरी सून सांगून थकते, तरी ही शेंगेला हात लावत नाही.

"या, बसा," दादी म्हणाली. "लई मजा हाय. ही पुस्तकातली पोरगी पानापानाला समजावती, ईद म्हंजे काय, रोजा म्हंजे काय. कोणाला समजावती?"

"माझ्यासारखीला," मी म्हणाले.

"तुम्ही तर दर ईदला आमचा शीरखुर्मा पिता. तुम्हाला काय समजवायचं?"

नात खळखळून हसली. माझ्याही मनात तेच होतं. मी तोंड उघडायच्या आधी दादी बोलून गेली, आणि हसू तिला मिळालं.

पोरगी पुढं वाचायला लागली. तिनं एक अख्खं पान उलटलं.

"मधलं सोडलंस," मी म्हणाले.

"त्यात नुसतं पावसाचं वर्णन हाय, आज्जी. आणि शेवट मी पहिलाच वाचून घेतला."

"शेवट आधी?"

"मंग? वाईट असला तर एवढं कोण वाचणार."

नातीनं मान डोलावली. म्हणजे हीपण आता तसंच करते. मी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून वाचनालयात गेले आणि माझ्या नावाचं कार्ड मागितलं. तिथला माणूस म्हणाला, "आजी, धार्मिक पुस्तकं पलीकडच्या कपाटात हायेत."

"मला पोरापोरींचं कपाट दाखव."

जे पुस्तक अजून आमच्या गल्लीत कुणी आणलं नव्हतं, ते मी आणलं. देवदासींच्या वस्तीत वाढलेल्या पोरीचं. संध्याकाळी नातीनं ते माझ्या मांडीवर पाहिलं.

"आजी, हे तर कधीच मिळत न्हाई. दे की मला. दोन दिवसांत वाचून देते."

"माझं होऊ दे."

"तुझं महिनाभर चालंल."

"चालू दे."

ती माझ्याभोवती घुटमळली, चहा करून आणला, पुन्हा मागितलं. मी दिलं नाही. शेवटी शेजारी टेकून बसली आणि म्हणाली, "मंग मोठ्यानं वाच."

मी पहिल्या पानापासून सुरू केलं. पुस्तकातली पोरगी पहिल्याच पानावर आईवर दगड उचलते. नात आणखी जवळ सरकली. थोड्या वेळानं शेजारची पोरगी दारात येऊन उभी राहिली. तिला ऐकू येईल, असं माझ्या लक्षात आलं. मी आवाज बारीक केला.