सीझनमधली सुट्टी

पाचगणीच्या ज्या हॉटेलात मी रोज सकाळी दूध घालतो, तिथं खोल्या साफ करणारी एक बाई आहे. पाटणकडची, नवरा फौजेत. खोली रिकामी असली तरी दार वाजवल्याशिवाय ती आत जात नाही. बोलणं मोजकं, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

गेल्या उन्हाळ्यात गर्दी वाढली आणि मॅनेजरनं सगळ्यांच्या आठवड्याच्या सुट्ट्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी ही राज्याच्या दुकानं-हॉटेलांच्या कायद्याची मराठी प्रत घेऊन आली. मी दुधाचे कॅन उतरवत होतो. काउंटरपाशी उभं राहून, ओळीवर बोट ठेवत, तिनं साप्ताहिक सुट्टीचं कलम मोठ्यानं वाचलं.

मॅनेजर म्हणाला, "सीझन संपल्यावर घ्या की."

"साहेब, कायदा सीझन बघून लागू व्हत न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "आमी पाळीपाळीनं जाऊ. तुमचं काम आडणार न्हाई."

त्यानं कागद हातात घेऊन ते कलम स्वतः वाचलं. संध्याकाळी सुट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लागला. पहिली पाळी तिचीच होती. ती तिनं भांडी घासणाऱ्या मावशींना दिली, कारण त्यांना लेकीचं बाळ अजून बघायला मिळालं नव्हतं.

वयानं ती माझ्यापेक्षा बरीच लहान आहे. तरी त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणतो.