मान मोडल्यावर उठणारा पोरगा

गुडघ्याला चोळायला कापूर टाकून तेल गरम केलं, की आमच्या गल्लीतली ती रविवारची सकाळ नाकात शिरते. शेजारचा सतरा वर्षांचा पैलवान तालमीत मानेवर पडून अंथरुणाला खिळला होता, म्हणून घरच्यांनी म्हैस विकून सरकत्या लाकडी दाराचा टीव्ही घेतला होता. उडणाऱ्या शाळकरी पोराची मालिका बघायला सगळी गल्ली पैलवानाच्या खाटेभोवती बसायची, आणि त्याची आई बघता बघता त्याचे पाय कापराच्या तेलानं चोळत राहायची. त्या दिवशी पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग होता. पडद्यावरचा पोरगा मनोऱ्यावरून कोसळला, निपचित पडला आणि संगीत वाजताच उठून परत उडाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तालमीचे वस्ताद मात्र कुस्तीचा निकाल द्यावा तसे मोठ्यानं बोलले, "काय बी दावत्यात! मान मोडल्यावर उठतंय व्हय कोण?" आणि मग त्यांचं लक्ष खाटेकडं गेलं. आईचे हात थांबले नाहीत. "उठला की," ती म्हणाली, "तुमी बघितलं न्हाय व्हय?" वस्ताद खाली मान घालून म्हणाले, "व्हय वैनी, उठला." तेव्हा खाटेवरून तो म्हणाला, "आई, वस्ताद खोटं बोलाय लागल्यात. दार लाव टीव्हीचं." दुसरं पर्व आलं तेव्हा खाट रिकामी होती आणि त्याच्या आईनं टीव्ही आमच्या घरी देऊन टाकला होता, दार सरकवलं की लाकडाला कापराचा वास यायचा. हे पर्व पहिल्यापेक्षा झकास, असं गल्लीचं मत पडलं. माझं मत मला आजवर कुणी विचारलेलं नाही.