कण्हेरीला तोंड न लावणारी मेंढरं

घोटावड्याच्या अलीकडे टेकडीआड जे उभं राहिलंय, त्याला हॉटेल म्हणायचं नाही, ‘निवांत’ म्हणायचं. मातीच्या भिंती, दगडी न्हाणी, तेल चोळून घ्यायला लाकडी खाटा. आमच्या आज्यानं ज्याला कंटाळून विटांचं घर बांधलं, ते सगळं तिथं हौसेनं मांडलंय.

जालिंदर आमच्या पडीक वावरात खतासाठी मेंढरं बसवणारा धनगर. बोलका, नको तितका. कळपाचं कौतुक सुरू झालं की समोरच्याचा चहा निवायचा. “बाकीच्यांची काय बी खात्यात. माजी मेंढरं कण्हेरीला त्वांड लावायची न्हाईत,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. खोटं नव्हतं. कण्हेर विषारी, आणि त्याच्या मेंढ्या ती नुसती हुंगून पुढं जायच्या.

हॉटेलच्या मॅनेजर दिशा मॅडमनी त्याला बोलावलं. सकाळी पाहुण्यांसमोर हिरवळीवर मेंढरं चरावीत, कोकरांसकट. फक्त मेंढरांच्या गळ्यात घंटा नकोत, पाहुण्यांना शांतता लागते.

त्याची बायको सुंदरा तिथंच अडली. “जित्या जनावराची घंटा सोडत न्हाईत. मेल्यावं सोडत्यात.”

“घडीभराचं तर हाय,” म्हणत त्यानं स्वतःच्या हातानं दोऱ्या सोडल्या. मी बांधावर उभा होतो.

कळप मुक्यानंच फाटकातून आत गेला. कडेला फुलांनी लगडलेल्या कण्हेरीचं लांबलचक कुंपण. मेंढ्यांनी तिकडं ढुंकून पाहिलं नाही. जालिंदर छाती फुगवून पाहुण्यांसोबत फोटोला उभा राहिला. एरवी कळप जरा वळला, तरी पाठमोऱ्या जालिंदरला घंटांवरून कळायचं. त्या सकाळी काहीच कळलं नाही. निम्मी मेंढरं इमारतीमागं गेली. तिथं माळ्यानं कुंपण छाटून फांद्या वाळत टाकल्या होत्या. वाळल्या कण्हेरीचा कडूपणा जनावराला ओळखू येत नाही, विष मात्र तसंच राहतं. जालिंदर मागं पोचला तेव्हा मेंढ्या सुखानं चघळत होत्या. पालापाचोळा असेल, म्हणून त्यानं हाकलून आणल्या.

दुपारी माळावर एक मेंढी लाळ गाळत आडवी झाली. मग तिच्या शेजारची. जनावरांचे डॉक्टर आले आणि बघताक्षणी म्हणाले, “कण्हेर.”

“माजी खात न्हाईत!” जालिंदर त्यांच्या अंगावर धावून गेला. डॉक्टरांनी मेंढीचा जबडा उघडला, दाढेखालचं लांबट पान काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते नाकाशी नेऊन हुंगलं.

“दुधातूनही विष जाईल. कोकरं आयांपासून तोडा आधी,” डॉक्टर ओरडले.

आया लटपटत होत्या आणि कोकरं त्यांच्या कासेला ढुसण्या देत होती. सुंदरा एकेकाला ओढून आणायची, ती हातातून निसटून पुन्हा तिकडंच धावायची. शेवटी जालिंदरनं काठी उचलली. जन्मात कधी कोकरावर हात न उगारलेला तो माणूस भुकेल्या पिल्लांना आईपासून हाणून काढत होता, आणि मोठ्यानं रडत होता.