टेबलावर अंथरलेली भूमिती

पारोळ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत सत्त्याऐंशी साली संगणक आला आणि वर्षभर मुख्याध्यापकांच्या खोलीत झाकूनच राहिला. कुणी पाहुणे आले की तेवढ्यापुरतं कापड निघायचं. गोधडीच्या नक्षीतून मुलींना कोन शिकवायचे म्हणून तो वर्गासाठी मागितला एकट्या लिलाबाई बिऱ्हाडेंनी. त्या गणित शिकवायच्या, मी शास्त्र.

"गोधडीच्या नक्षीसाठी संगणक?" मुख्याध्यापक जीवराम सर हसले.

"कोन शिकवायला, सर. तीनशे साठ अंश मुलींना पाठ आहेत, पण दिसलेले नाहीत."

बाईंनी पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठे शनिवारची दुपार मिळाली. पडद्यावर एक लहानशी खूण असायची, तिला कासव म्हणायचे. किती पुढे जायचं, किती अंश वळायचं हे लिहून दिलं की कासव रेघ ओढत जाई. मुलींनी समभुज चौकोन काढला. तसे तीन एका बिंदूत जुळवले तर षटकोन झाला, आणि षटकोनांनी अख्खा पडदा भरला. मग तीच नक्षी तीन रंगांच्या जुन्या लुगड्यांत उतरवायची ठरली. बाईंच्या आई सुंदरबाई जन्मभर गोधड्या शिवत आलेल्या. त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "कोपरा मियना नही तं गोधडी फुगी जास, लिला." कोपऱ्याला कोपरा मिळेपर्यंत मुलींनी कित्येकदा उसवलं, पुन्हा शिवलं. गोधडी पुरी झाली तेव्हा सपाट कापडावर खोक्यांच्या राशी रचल्यासारख्या दिसत होत्या.

ती आम्ही जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात गणित विभागात मांडली. उद्घाटनाआधी मुलींना चहाला नेलं. परत आलो तर भिंत रिकामी! गोधडी व्यासपीठावर, पाहुण्यांच्या टेबलावर अंथरलेली. तिच्यावर फुलदाणी, पाण्याचे पेले, बशीतून सांडलेला चहा. आणि माईकवर एक गृहस्थ सांगत होते, "बायकांच्या हातात कला उपजतच असते."

उपजत! मुलींची वर्षभराची मोजणी, आखणी, उसवाउसवी या माणसाने एका शब्दात पुसून टाकली. माझं डोकं फिरलं. पण लिलाबाई तोवर पायऱ्या चढून वर गेल्या होत्या.

"बाई, हा तुमचा मानच आहे," संयोजक पुढे आले.

"मान असता तर विचारून नेली असती."

बाईंनी फुलदाणी त्यांच्या हातात दिली. मग एकेक पेला उचलून खाली ठेवला. भाषण थांबलं. दोन मुली वर आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी गोधडीची घडी घातली.

झालं! चूक कुणाची ठरली? बाईंची. शाळेची अब्रू घालवली म्हणून शनिवारचा वर्ग बंद झाला, संगणकावर पुन्हा कापड पडलं आणि त्याखालीच तो बिघडला. चहा सांडणाऱ्यांना कुणी जाब विचारला नाही.

बाईंनी वर्ग समाजमंदिरात हलवला. चौकटीच्या कागदावर मुली रविवारी नक्ष्या आखायच्या, सुंदरबाई टाके शिकवायच्या. जुन्या मुली धाकट्या बहिणींना घेऊन यायच्या. पुढे चौऱ्याण्णव साली धुळ्यात खासगी संगणक वर्ग निघाला, तेव्हा बाई मुलींना एसटीने तिकडे नेऊ लागल्या.

पहिल्याच दिवशी वर्गाच्या मालकाने विचारलं, "मुलींना टायपिंग शिकवायचंय ना?"

"नाही," बाई कडाडल्या. "भूमिती!"